जास्वंदीवरचा मिलीबग दर उन्हाळ्यात परत येतोय? आधी मुंग्यांचा रस्ता शोधा

आमच्या टेरेसवर सलग तीन उन्हाळे हेच चाललं होतं. फेब्रुवारी संपता संपता जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस, म्हणजे मिलीबग ही रस शोषणारी कीड, दिसायला लागायचा, मी नीमऑइल मारायचे, आठ दिवस झाड स्वच्छ, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी परत तेच, उलट पहिल्यापेक्षा जास्त. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या, कोवळी पानं मुरडून बोचक्यासारखी व्हायची, खालच्या पानांवर चिकट थर आणि त्याच्यावर काजळी धरल्यासारखी काळी बुरशी. एप्रिलपर्यंत शेजारच्या ग्रोबॅगमधली भेंडी गेलेली असायची आणि मे मधे वांगी. चतुर्थीला घरचं लाल फूल मिळावं म्हणून हौसेने लावलेलं झाड, आणि ऐन उन्हाळ्यात मंडईतून फुलं आणायची वेळ यायची, फार वाईट वाटायचं.

आता दोन उन्हाळे झाले, झाड ठीक आहे. मिलीबग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही, आत्ताही शोधला तर दोन-चार सापडतील, पण वाढत नाही. यासाठी जे केलं ते सगळं लिहितेय, कारण पुण्यात सिंहगड रोड, कोथरूड, वारजे कुठेही टेरेसवाल्या बायका भेटल्या की हाच प्रश्न निघतो आणि सगळ्यांना उत्तर एकच मिळतं, "नीमऑइल मारा". नीमऑइल वाईट नाहीये. पण तेवढ्याने तो परत यायचा थांबत नाही.

पहिलं म्हणजे तो मिलीबगच आहे ना ते बघा. दोडक्या-काकडीच्या पानावर टाल्कम पावडर सांडल्यासारखं दिसतंय आणि बोट फिरवलं की पुसलं जातंय तर ती भुरी, म्हणजे बुरशी, तिचा इलाज वेगळा. फांदी हलवल्यावर बारीक पांढरं काही भुर्रकन उडालं तर पांढरी माशी. मिलीबग म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, तो शेंड्यात, देठाच्या बेचक्यात, कळीच्या बुडाशी घट्ट बसतो, काडीने दाबला की आतून पिवळसर किंवा गुलाबी ओलं निघतं. अंगावर मेणाचं पीठ असतं म्हणून नुसतं पाणी मारलं तर थेंब घरंगळून जातो. मादी मागे कापसासारखी पिशवी करते, त्या एका पिशवीत शेकड्यांनी अंडी असतात, आणि आपण मारलेला स्प्रे त्या पिशवीच्या आत पोचत नाही. म्हणून एकदा मारून सोडून दिलं की आठवड्याभरात पिल्लं बाहेर येणारच. एवढं मला माहीत होतं, मी सहा-सात दिवसांच्या अंतराने तीन-तीन वेळा मारायचे, तरी महिन्याभरात परत. म्हणजे कुठूनतरी परत येत होता, आणि कोणीतरी त्याला सांभाळत होतं.

ते कोण हे मला एका संध्याकाळी कळलं. लाइट गेले होते, मी मोबाइलचा टॉर्च लावून जास्वंदीला पाणी घालत होते आणि शेंड्याशी काळ्या मुंग्यांची ये-जा दिसली. मुंग्या तर रोजच दिसायच्या, माझं लक्ष नसायचं. त्या दिवशी टॉर्च जवळ धरून बघितलं. एक मुंगी मिलीबगच्या पाठीवर मिशांनी हलकंसं टकटक करत होती, दोन-तीनदा केल्यावर मिलीबगच्या मागच्या टोकाला काचेच्या मण्यासारखा पारदर्शक थेंब आला, मुंगीने तो पिऊन टाकला आणि पोट फुगवून खाली निघाली, तिच्या जागी दुसरी आली. गाय पान्हा सोडते तसंच अगदी. तो थेंब म्हणजे झाडाचाच गोड रस, मिलीबगला सगळा पचत नाही तो बाहेर टाकतो. मुंग्यांनी नेला नाही तर तो पानावर पडतो, त्याचाच तो चिकट थर आणि त्याच्यावर ती काळी बुरशी वाढते. बुरशी पानाच्या आत शिरत नाही, वरच्यावर असते, ओल्या फडक्याने पुसली की निघते, पण पानाला ऊन मिळत नाही म्हणून झाड अजून खंगतं.

आणि मुंग्या नुसता रस पिऊन जात नाहीत, त्या राखण करतात. नंतर दिवसा बसून बघितलं तेव्हा एक लाल ठिपकेवाला ढालकिडा फांदीवर उतरला होता, म्हणजे लेडीबर्ड, दोन मुंग्यांनी त्याच्या पायांना धरून त्याला असं भंडावलं की तो उडूनच गेला. मिलीबग खायला जे जे येतं त्याला मुंग्या हाकलतात, आणि काही जातींच्या मुंग्या तर मिलीबगची पिल्लं तोंडात धरून नव्या कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. म्हणजे मी फवारून झाड साफ करायचे, आणि मुंग्यांना त्यांची गोठ्यातली गुरं परत हवीच असायची.

मग मी त्यांचा रस्ता शोधला, हे तुम्ही आजच करा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आमच्याकडे टाकीशेजारच्या फरशीच्या फटीतून निघून, पावसाच्या पाइपवरून, ग्रिलवर, ग्रिलला दोडक्यासाठी बांधलेल्या सुतळीवरून थेट जास्वंदीत. कुंडीच्या बाजूने फार कमी येत होत्या! मी कुंडीभोवती हळद, दालचिनी, खडू सगळं करून झालं होतं आणि त्या वरून सुतळीने जात होत्या.

सासूबाईंना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण काय करतो? परातीत पाणी घालून त्यात ठेवतो ना. मग कुंडीचंही तेच कर." तेच केलं. लोखंडी स्टँडचे चार पाय श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवले, डब्यात पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा लिक्विड सोप. सोप यासाठी की नुसत्या पाण्यावर मुंग्या एकमेकींना धरून तरंगतात, कचरा पडला की त्याचा पूल करतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. फक्त एक, जून ते ऑक्टोबर हे पाणी आठवड्यातून दोनदा ओतून डबे घासायचे म्हणजे घासायचेच, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती डब्याच्या काठाला चिकटून राहतात. जमत नसेल तर पावसाळ्यात डबे काढून पायांना ग्रीस लावा.

मोठा ड्रम उचलता येत नाही, तिथे खोडाला पट्टा. कागदी मास्किंग टेप खोडाला दोन-अडीच बोटं रुंद घट्ट गुंडाळायची आणि त्या टेपवर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली. खोडाला थेट ग्रीस लावू नका, साल खराब होते. आमच्या बाजूला बांधकाम चालू आहे, आठ दिवसांत पट्ट्यावर एवढी धूळ बसते की मुंग्या आरामात चालत जातात, तेव्हा दर रविवारी बोटाने चिकट आहे का बघायचं. महिन्याने टेप बदलायची, नाहीतर आत ओल धरून खोड कुजतं. आणि पूल तोडायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीला टेकलेलं एक पान, ग्रिलमधून घुसलेली शेजारच्या काकूंच्या बोगनवेलीची फांदी, कपड्यांची दोरी, ती सुतळी, एक जरी राहिलं तरी खालचे डबे फुकट. काकूंना मी विचारूनच फांदी कापली, त्यांचीही जास्वंद पांढरी झालेलीच होती, आता त्यांच्याकडेही डबे आहेत.

रांग फारच मोठी असेल तर आमिष. एक कप कोमट पाण्यात आठ चमचे साखर आणि अर्धा चमचा बोरिक पावडर, कापूस भिजवून झाकण असलेल्या डबीत ठेवायचा, डबीला बारीक भोकं, आणि ती डबी मुंग्यांच्या रस्त्यावर, झाडावर नाही. बोरिक जास्त घालायचा मोह होतो पण घालू नका, जास्त झालं तर मुंग्या वाटेतच मरतात, कमी असलं तर त्या वारुळापर्यंत नेऊन सगळ्यांना भरवतात. लहान मुलं, कुत्रा-मांजर असलेल्या घरात डबी त्यांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवायची. आणि टेरेसवरच्या सगळ्याच मुंग्या संपवायच्या मागे लागू नका, मातीत त्यांची कामं असतात, आपल्याला फक्त झाडावरून उतरवायच्यात.

मुंग्या बंद झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मला जास्वंदीवर एक नवीन प्रकार दिसला आणि मी तो जवळजवळ मारलाच होता. मिलीबगसारखाच पांढरा, अंगावर मेणाच्या लांब लांब झिपऱ्या, पण आकाराने दुप्पट-तिप्पट, जवळजवळ एक सेंटीमीटर, आणि चक्क भरभर चालत होता. मिलीबग असा पळत नाही, तो ढिम्म बसलेला असतो. मी टूथब्रशने घासून काढणार तेवढ्यात त्याने एका मिलीबगला तोंडात धरलेलं दिसलं. तो क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी होती, मिलीबगमधे मिसळून जावं म्हणून तसंच सोंग घेऊन फिरते. मोठा भुंगेरा मुगाच्या दाण्याएवढा, काळपट, डोकं आणि मागचं टोक केशरी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मधे कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणलेला, आणि आपल्याकडे द्राक्षबागांत मिलीबगसाठी मुद्दाम सोडतात. त्याआधीच्या तीन उन्हाळ्यांत मी स्प्रे करताना "हे मोठे मोठे झालेत बघ" म्हणून यातले किती मारले असतील कोण जाणे, आठवलं की जीव हळहळतो. तेव्हा पांढरं दिसलं की आधी काडीने हळूच डिवचा. पळालं तर हात लावायचा नाही.

ज्यांना वाटतं की किड्याने किडा संपतो हे पुस्तकी आहे त्यांनी पपई आठवून बघा. पपईवरचा मिलीबग भारतात पहिल्यांदा २००८ मधे कोईमतूरला सापडला आणि बघता बघता तमिळनाडूपासून आपल्या महाराष्ट्रापर्यंत बागाच्या बागा पांढऱ्या झाल्या, औषधं मारून काही होईना. २०१० मधे प्युएर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्याशा गांधीलमाश्या आणून बेंगळुरूच्या केंद्रीय कीटकसंस्थेने सोडल्या आणि त्यांनी तो आटोक्यात आणला. अशा माश्या आपल्या टेरेसवरही येतात, फक्त त्यांना खायला फुलं लागतात आणि त्यांच्यावर विष पडायला नको.

आता फुलांवर, म्हणजे सोबतीच्या झाडांवर येते, कारण इथे गैरसमज फार आहेत. "झेंडू लाव, कीड येणार नाही" हे मला नर्सरीत, सोसायटीत, सगळ्यांनी सांगितलं. मी दसऱ्याच्या तोरणाची फुलं वाळवून बी टाकलं, आठ कुंड्या झेंडू, मिलीबगला काडीचा फरक पडला नाही. झेंडूचा उपयोग खरा आहे पण वेगळ्या दुखण्याला. टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतल्या अगदी बारीक जंतांवर, तो चालतो, कारण त्याच्या मुळांत त्यांना मारणारं द्रव्य असतं, आणि त्यासाठी तो त्याच मातीत दाट लावून दोन-तीन महिने ठेवावा लागतो, शेजारच्या कुंडीत ठेवून नाही. शेतात टोमॅटोच्या कडेने लावतात ते फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाने अंडी झेंडूवर घालावीत म्हणून. मिलीबगशी याचा संबंध नाही. उलट एप्रिलच्या कोरड्या उन्हात आमच्या झेंडूवर लाल कोळी आला, पानांखाली बारीक जाळी, आणि तिथून वांग्यावर गेला. आता मी झेंडू पावसाळ्यात लावते आणि मार्चच्या आत उपटून टाकते.

मला खरा उपयोग झाला कोथिंबीर, शेपू आणि बडीशेपचा, पण फुलावर येऊ दिलेल्या. आपण कोथिंबीर खुडून खातो आणि तुरा आला की वैतागून उपटतो. उपटू नका! त्या छत्रीसारख्या बारीक फुलांत मध अगदी वर असतो, बारीक गांधीलमाश्या, सिरफीड माश्या, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा किडा), ढालकिडे यांची तोंडं आखूड असतात त्यांना तोच पोचतो. जास्वंदीच्या एवढ्या मोठ्या फुलाचा त्यांना काही उपयोग नाही. आणि पुण्यात हे आपोआप जुळून येतं, डब्यातलेच धणे चुरडून डिसेंबरात टाकले तर फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की कोथिंबीर लगेच तुऱ्यावर येते, म्हणजे मिलीबग चढायच्या नेमक्या वेळेला. बडीशेप मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे टाकायला लागते. एकदम सगळं टाकू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी मूठमूठ टाका म्हणजे मेपर्यंत काही ना काही फुललेलं राहतं.

चवळीही लावते, जानेवारी अखेर एक कुंडी, पण टेरेसच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्यावर काळा मावा येतो आणि येऊ द्यायचा, त्याच्यावर ढालकिडे येऊन अंडी घालतात, पिल्लं वाढतात. ठिपकेवाले ढालकिडे मुख्यतः मावाच खातात, मिलीबगची कोवळी पिल्लं मिळाली तर तीही. पण मुंग्या माव्यालाही तशाच राखतात, म्हणून चवळीच्या स्टँडलाही पाण्याचे डबे, नाहीतर मुंग्यांना अजून एक गोठा आयता मिळतो.

आणि जशी सोबत असते तशी कुसंगतही असते. जास्वंदीच्या शेजारी भेंडी ठेवू नका. दोन्ही एकाच कुळातली, कापूसही त्यातलाच, भेंडीचं फूल नीट बघितलं की लगेच पटेल, आणि मिलीबगला ही दोन्ही सारखीच आवडतात. माझी भेंडी दरवर्षी का जायची ते हे कळल्यावर समजलं, मीच तिला मांडीला मांडी लावून बसवली होती. आता मधे पुदिना, गवती चहा, कांद्याची पात. यांच्या वासाने मिलीबग पळतो असं मला दिसलेलं नाही, पण दोन आवडत्या झाडांमधे अंतर पडतं तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे काँग्रेस गवत. आमच्या कंपाउंडच्या बाहेर मोकळा प्लॉट आहे, तिथे कमरेएवढं वाढतं. हे गवत देशात १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि कापसावरचा मिलीबग त्याच्यावर वर्षभर मजेत जगतो. पिल्लं एवढी हलकी असतात की वाऱ्याने उडून वर येतात, कपड्यांना, हातांना चिकटूनही येतात. जानेवारीत आम्ही पाच-सहा जणांनी मिळून ते फुलायच्या आत उपटलं, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण त्याने अंगाला खाज आणि दमा दोन्ही होतं. सोसायटीच्या मीटिंगमधे हे काढलं तेव्हा आधी कोणी मनावर घेतलं नाही, पण ज्यांच्या ज्यांच्या खिडकीत जास्वंद होती ते सगळे आले.

खतावरही माझं बोलणं आहे. जीवामृत, शेणाची स्लरी, किचनचं लिक्विड, दर आठवड्याला काही ना काही ओतायची सवय लागते, झाड हिरवंगार लुसलुशीत दिसतं आणि मिलीबगला तेच हवं असतं, कोवळा रसाळ शेंडा. मी फेब्रुवारी ते मे पातळ खत पूर्ण बंद केलं, फक्त मूठभर निंबोळी पेंड आणि पालापाचोळ्याचं आच्छादन.

फवारणी लागतेच तेव्हा अशी. आधी कात्री, गच्च भरलेले शेंडे सरळ कापून पिशवीत. मग पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यांवर आणि पानांखाली, राहिलेल्यावर जुना टूथब्रश. दोन-चारच असतील तर कानाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून टेकवलं की झालं. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात आधी दीड-दोन मिली लिक्विड सोप, मग पाच मिली नीमऑइल, बाटली दुधाळ होईपर्यंत हलवायची, तेल वर तरंगत राहिलं तर पान भाजतं. सहानंतरच मारायचं, कडुलिंबातला उपयोगाचा भाग उन्हात लवकर जातो आणि एप्रिलच्या दुपारी तेल-ऊन एकत्र आलं की पानं करपतात. आधी एका फांदीवर मारून एक दिवस बघा. सगळ्या झाडावर अंघोळ घालू नका, जिथे दिसतोय तिथेच मारा, कारण साबण-तेल क्रिप्टोलिमसच्या अळीलाही मारतं. सहा-सात दिवसांनी परत, एकूण तीनदा. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा व्हर्टिसिलियम पावडर पाच ग्रॅम लिटरला, ती मिलीबगवर वाढणारी बुरशीच आहे, उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तिच्यावर पैसे घालवू नका.

एवढं करूनही एखादं झाड खंगतच राहिलं, वर काही दिसत नाही आणि पानं पिवळी, तर कुंडीतून काढून मुळं बघा. मिलीबगच्या काही जाती मुळांवर राहतात, मातीच्या गोळ्याच्या कडेला पांढरं पीठ लागल्यासारखं दिसतं. माती सगळी झटकून मुळं धुवायची, कुंडी साबणाने घासायची, ताजी माती आणि निंबोळी पेंड, ती जुनी माती मे च्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकमधे बांधून तीन-चार आठवडे तापवायची. कापलेले शेंडेही त्याच पिशवीत जातात. कंपोस्टच्या ड्रममधे टाकू नका, आमचा ड्रम टेरेसवरच असतो आणि घरातला ड्रम एवढा गरम होत नाही, मी एकदा टाकले होते तर आठवड्याभरात झाकणाच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती.